न पाहिलेला रकाना

योगीराजचा पहिला मेल आला तेव्हा सुप्रीता बेळ्ळंदूरच्या एका काचेच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर बसून, पुढच्या आठवड्यात शहराच्या कुठल्या भागात किती दही आणि किती कोथिंबीर खपेल याचा अंदाज काढत होती. घरपोच किराणा देणाऱ्या कंपनीत ती पाच वर्षं हेच काम करत होती. मेल इंग्रजीत होता, फक्त शेवटच्या दोन ओळी मराठीत. ‘अक्का, मी अथणीचा. तुमची जुनी वही लॅबच्या कपाटात सापडली. एकदा बोलायला मिळेल का?’

खाली वहीच्या एका पानाचा फोटो होता. स्वतःचं अक्षर तिने लगेच ओळखलं. पानाच्या तळाशी दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य होतं: ‘चिन्ह उलटलं. का?’

त्या दिवशी तिचे कोथिंबिरीचे आकडे दोनदा चुकले.

सहा वर्षांपूर्वी सुप्रीता हेसरघट्ट रस्त्यावरच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होती. मँगनीज, बिस्मथ आणि टेल्युरियम यांचा एक चुंबकीय स्फटिक असतो, त्याचे थर पानांसारखे सुटतात. एका थरातले सूक्ष्म चुंबक वर तोंड करून असले तर पुढच्या थरातले खाली, त्याच्या पुढचे पुन्हा वर. थर सम संख्येत असले की सगळं फिटून जातं आणि बाहेरून तो तुकडा चुंबक आहे असं वाटतच नाही. तिच्या स्फटिकात थोडा अँटिमनी मिसळलेला होता. त्याचा सहा थरांचा पापुद्रा काढून, उणे दोनशे सत्तर अंशांच्या आसपास गार करून, तिने त्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली होती आणि आडव्या दिशेला किती व्होल्टेज येतो ते मोजलं होतं. सोडलेल्या विजेच्या दुप्पट वारंवारितेला एक बारीक सिग्नल मिळाला. मग तिने जोरदार चुंबकीय क्षेत्र लावून थरांची मांडणी बदलून घेतली, वर-खालीची खाली-वर केली, आणि पुन्हा मोजलं. सिग्नल तेवढाच आला, पण अधिकचा उणे झाला होता.

तिचे गाईड सुधींद्र सर तो आलेख बघून एवढंच म्हणाले होते, “तापलंय.”

वीज सोडली की पापुद्रा तापतो, आणि तापण्यामुळेही दुप्पट वारंवारितेचा सिग्नल येतो, हे तिलाही माहीत होतं. पण मांडणी वर-खाली आहे की खाली-वर, याचा तापण्याशी संबंध नसतो. तापण्याचं चिन्ह उलटत नाही. तिने हे सांगून पाहिलं होतं. मग लॉकडाऊन लागला, पापुद्रा गार करायला हेलियम मिळेना, पापुद्रा हवेने खराब झाला आणि वर्षभराने तिने पीएच.डी. सोडून नोकरी धरली. त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी परदेशातल्या दोन गटांनी अगदी असाच सिग्नल छापला आणि त्याचं कारणही सांगितलं. पदार्थातल्या इलेक्ट्रॉनची अवस्था जरा बदलली की ती आधीच्या अवस्थेपासून किती वेगळी झाली, याचं एक माप असतं. या सगळ्याला क्वांटम भूमिती म्हणतात. या भूमितीला वळण असतं तसं अंतरही असतं. तिच्याकडे होता तशा पापुद्र्यात वळणाचा परिणाम फिटून शून्य होतो आणि उरतं ते अंतर. तेच विजेला आडवं ढकलतं. आणि मांडणी उलटली की हे ढकलणंही उलटतं.

ते निबंध सुप्रीताने ऑफिसच्या बसमध्ये, आउटर रिंग रोडवर अडकलेली असताना मोबाइलवर वाचले होते. तेव्हापासून ‘तापलंय’ हा शब्द तिच्या मनातून गेला नव्हता. घरच्यांनाही तो पाठ झाला होता. मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये नवरा चंदन विषय निघाला की गप्प बसायचा. बसवनगुडीला तिची आई भागीरथीबाई मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आमच्या पोरीचं त्या सरांनी ऐकलं नाही, नाहीतर तिचं नाव झालं असतं.

योगीराजने फोनवर जे सांगितलं ते थोडक्यात असं. तो तिच्याच स्फटिकावर, म्हणजे अँटिमनीवाल्यावर काम करत होता. त्या मिश्रणावर अजून कुणी छापलं नव्हतं. त्याच्या एका डिव्हाइसमध्ये, म्हणजे तारा जोडलेल्या पापुद्र्यात, चिन्ह स्वच्छ उलटलं होतं. निबंध पाठवला तर तपासणाऱ्या रेफरीने आणखी एका स्वतंत्र डिव्हाइसचा पुरावा मागितला. दुसरं डिव्हाइस मोजता मोजता जळून गेलं. फेलोशिपला चार महिने उरले होते. अशात तिची वही सापडली.

“तुमच्या फायली मिळाल्या तर झालं, अक्का,” तो म्हणाला. “वहीत फक्त आलेख आहे. त्याच्यामागचे दुप्पट वारंवारितेचे आकडे लागतील.”

शनिवारी ती गेली. मेट्रो मॅजेस्टिकला बदलून, शेवटच्या स्टेशनावरून रिक्षा करून पोचायला दोन तास लागले. योगीराज फाटकापाशीच उभा होता. उंच, किडकिडीत, बोलताना सारखा मनगटावरचं घड्याळ फिरवणारा. लॅबमध्ये कोपऱ्यातलं टेबल बदललं होतं, बाकी पंपांचा आवाज तोच होता.

सुधींद्र सरांचे केस पूर्ण पांढरे झाले होते. त्यांनी तिला खोलीत बसवलं, शिपायाला कॉफी आणायला सांगितलं आणि तो गेल्यावर दार लोटून घेतलं.

“मी तेव्हा कारण न तपासता बोललो,” ते म्हणाले. “ते निबंध आल्यापासून दोन वर्षं हे तुला सांगायचं राहिलं. माफ कर.”

या वाक्याची तिने किती वर्षं वाट पाहिली होती. ते ऐकल्यावर द्यायची उत्तरंही तिच्याकडे तयार होती, पण त्यातलं एकही आठवेना. ती “असू द्या सर” म्हणाली आणि कॉफी फार गरम असताना प्यायली. सर म्हणाले, निबंधात तिचं नाव दुसरं घालू. शिवाय तिची इच्छा असेल तर राहिलेली पीएच.डी. पुरी करता येईल का हे ते विचारून बघतील. परतताना ती ग्रीन लाइनने उलट दिशेला, नॅशनल कॉलेज स्टेशनापर्यंत आली. हार्ड डिस्क आईकडे होती.

आईने माळ्यावरचा खोका आधीच उतरवून पुसून ठेवला होता. सुप्रीताने सकाळी फोनवर जेमतेम सांगितलं होतं, तेवढ्यात हुबळीच्या मावशीपर्यंत बातमी पोचली होती.

“सरी, बरं झालं, आता कळलं ना त्यांना,” भागीरथीबाई म्हणाल्या. “जेवून जा. स्वल्प भात तरी खा.”

सुप्रीताने आईच्या पलंगावरच लॅपटॉप उघडला. फाइल सापडायला वेळ लागला नाही. त्या दिवसाच्या दोन फायली होत्या, एक सकाळची वर-खाली मांडणीची, एक दुपारची खाली-वरची. प्रत्येकीत पाच रकाने होते. वेळ, तापमान, चुंबकीय क्षेत्र, मूळ वारंवारितेचा व्होल्टेज आणि दुप्पट वारंवारितेचा व्होल्टेज. तिने तेव्हा पाचवाच रकाना काढून आलेख केला होता. चौथ्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. व्होल्टेज मोजायला पापुद्र्यावर टेकवलेले आडवे संपर्क अगदी समोरासमोर बसत नाहीत, थोडे तिरके पडतात, त्यामुळे तिथे एक क्षुल्लक उरलासुरला व्होल्टेज येतोच. तो चुंबकांच्या मांडणीवर अवलंबून नसतो.

आता सगळंच पाठवायचं म्हणून तिने पाचही रकान्यांचे आलेख काढले.

चौथ्या रकान्यात सकाळी अधिक चाळीस होतं. दुपारी उणे चाळीस.

तिने फायलींची नावं तपासली. वेळा तपासल्या. पुन्हा आलेख काढला. आईने ताट वाढल्याचं सांगितलं, ती हो म्हणाली आणि तिथेच बसून राहिली. संपर्क तिरका असल्यामुळे येणारा व्होल्टेज उलटतो तो एकाच कारणाने. मोजणाऱ्या दोन तारा एकमेकींच्या जागी गेल्या तर. आणि तसं झालं तर दुसरं काहीही न बदलता पाचव्या रकान्याचंही चिन्ह उलटतं. म्हणजे सिग्नल दोन्ही वेळा सारखाच होता. पापुद्रा खरंच तापला होता.

फायलींच्या मध्ये तीन तासांची फट होती. ती बघता बघता तिला तो दिवस आठवला. दुपारी मोजणीत इमारतीच्या विजेच्या लाइनची घरघर येत होती, म्हणून शेजारच्या लॅबमधून नव्या केबल आणून तिने सगळ्या जोडण्या बदलल्या होत्या. नव्या केबलींना चिठ्ठ्या लावलेल्या नव्हत्या. वहीत हे तिने लिहिलं नव्हतं, कारण तिच्या लेखी तो साफसफाईचा भाग होता.

डिस्कमध्ये जुने मेलही साठवलेले होते. त्याच संध्याकाळचा सरांचा मेल तिने उघडला. ‘मला हे तापल्यासारखं वाटतं. तरी पुन्हा मोजून बघ, शक्य तर दुसऱ्या डिव्हाइसवर.’ तो तिने तेव्हा वाचला होता, उत्तरही दिलं होतं. पण गेली सहा वर्षं ज्या ज्या वेळी तिने ही हकीकत सांगितली, त्यात ‘पुन्हा मोजून बघ’ कधीच आलं नव्हतं.

पुढचे नऊ दिवस तिने फायली पाठवल्या नाहीत.

योगीराजने फक्त दुप्पट वारंवारितेचे आकडे मागितले होते. चौथा रकाना त्याने मागितला नव्हता, रेफरी मागेल असंही नव्हतं. तो काढून टाकायचीही गरज नव्हती, नुसता न दिला तरी चालणार होतं. शिवाय परिणाम तर खरा होता. जगात दोन गटांना मिळाला, योगीराजला मिळाला. तिचा आकडा चुकीच्या कारणाने बरोबर होता, एवढंच. हे सगळं ती बसमध्ये स्वतःला समजावायची आणि उतरेपर्यंत ते कोसळायचं. ऑफिसात ती उगाच पाण्याच्या मशीनपर्यंत जाऊन यायची. मीटिंगमध्ये कुणी काही विचारलं तर प्रश्न पुन्हा विचारायला लावायची. घरी भाजी चिरताना मध्येच हात पुसून लॅपटॉप उघडायची, चौथ्या रकान्याला दुसरं काही कारण असू शकतं का ते बघायला. थर सहाऐवजी पाच असते तर? तसं असतं तर बाहेरून चुंबकत्व दिसलं असतं, आणि ते दिसलं नव्हतं. संपर्क मध्येच सरकला असता तर? तो सरकून बरोबर तेवढाच उलटा कसा होईल?

योगीराजचे मेसेज येत राहिले. आधी रोज, मग दिवसातून दोनदा. सरांनी लेखकांच्या नावांची यादी पाठवली, त्यात तिचं नाव दुसरं होतं.

आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, चंदनने विचारलं की नेमकं काय झालंय. तिने त्याला दोन्ही आलेख दाखवले आणि सांगितलं. तो मेकॅनिकल इंजिनियर, बाकीचं त्याला फार कळलं नाही, पण तारा उलट्या जोडल्या म्हणजे काय ते कळलं.

“हे तुझ्याशिवाय कुणाला दिसणार आहे?” त्याने विचारलं.

“कुणालाच नाही.”

“मग तू ठरवलेलं दिसतंय,” तो म्हणाला. “नाहीतर मला सांगितलं नसतंस.”

सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून ती संस्थेत गेली. फायली मेलने पाठवून मोकळं होता आलं असतं, पण तिला ते बरोबर वाटलं नाही. सरांच्या खोलीत योगीराजही होता. तिने लॅपटॉप टेबलावर ठेवून चौथा रकाना दाखवला आणि केबली बदलल्याचं सांगितलं. सांगायला चार मिनिटंही लागली नाहीत.

सरांनी खुर्ची पडद्याजवळ ओढून दोन्ही रकाने ताडून पाहिले. मग चष्मा काढून म्हणाले, “म्हणजे माझं बरोबर होतं.”

“हो. पण तुम्ही बघून म्हणाला नव्हतात.”

“तूही बघितलं नव्हतंस.”

“नाही,” ती म्हणाली.

दोघंही थोडे हसले. योगीराज हसला नाही. तो खिडकीशी उभा होता आणि घड्याळ मनगटावर गरगर फिरवत होता. सर फोन घ्यायला बाहेर गेले तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “हे नऊ दिवसांपूर्वी सांगितलं असतं तर मी तेव्हाच नवीन डिव्हाइस धरलं असतं, अक्का. रोज तुमच्या मेलची वाट बघूलालो.”

चुकलेल्या तारांची लाज तिला वाटून गेली होती, नऊ दिवसांची आत्ता वाटली.

त्या आठवड्यात त्याने तिच्या मेसेजना उत्तर दिलं नाही. शनिवारी ती न विचारताच गेली. तो सूक्ष्मदर्शकापाशी बसला होता. स्फटिकावर चिकटपट्टी लावून ओढायची, निघालेले पापुद्रे सिलिकॉनच्या चकतीवर टेकवायचे आणि रंगावरून किती थर आहेत ते ओळखायचं, हे काम नायट्रोजन भरलेल्या पेटीत, लांब रबरी हातमोज्यांत हात घालून करावं लागतं. सहा थरांचा रंग आणि सात थरांचा रंग यांत फरक असा की तो सांगता येत नाही, नजरेला सवय लागावी लागते. योगीराजला ती लागायला वर्ष गेलं होतं. सुप्रीताची ती सवय अजून गेली नव्हती. दुपारी तीनपर्यंत तिने दोन पापुद्रे बाजूला काढले. त्याने ते यंत्राखाली तपासले. एक सातचा निघाला, एक सहाचा.

“कापी घेऊया?” त्याने विचारलं. त्या दिवशी तो तिच्याशी बोलला ते तेवढंच.

त्यानंतरचे चार शनिवार ती गेली. मोजणीच्या दिवशी, एका गुरुवारी, तिने पूर्ण रजा घेतली. योगीराजने केबलींना लाल आणि निळ्या पट्ट्या लावल्या होत्या. तिने प्रत्येक जोडणीचं नाव मोठ्याने वाचलं, त्याने बोट ठेवून परत म्हटलं, आणि मग दोघांनी अदलाबदल करून पुन्हा तेच केलं. पहिली मांडणी सकाळी दहाला मोजून झाली. मांडणी उलटवायला चुंबकीय क्षेत्र हळूहळू चढवून हळूहळू उतरवावं लागतं, त्याला दोन तास. त्या दोन तासांत सुप्रीताला बसवेना. ती कँटीनला गेली, काही न घेता परत आली, जिन्यावर उभी राहिली, पुन्हा वर आली. योगीराज खुर्चीतून हलला नव्हता, पण त्याचा पाय एकसारखा हलत होता.

साडेबाराला आकडे यायला लागले. तिने आधी चौथा रकाना पाहिला. सकाळी अधिक एकतीस, आता अधिक एकतीस. मग पाचवा.

“उलटलं,” योगीराज म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता.

त्याला बाजूला सरकवून तिने एकेक केबल हाताने चाचपली, लाल लालला, निळी निळीला. मग म्हणाली, “आता एकदा मुद्दाम तारा उलट्या लाव. बघू दोन्ही उलटतात का.” त्याने लावल्या. दोन्ही रकाने उलटले. तेव्हा कुठे ती खाली बसली.

सिग्नल मात्र सिद्धांत सांगतो त्याच्या जेमतेम एक तृतीयांश होता. तापण्याचाही थोडा भाग त्यात मिसळलेला. दोन्ही मांडण्यांची वजाबाकी केली तरच सिग्नलचं खरं माप निघत होतं. निबंधात तसंच लिहिलं आणि रेफरीने ते मान्य केलं. तिसऱ्या डिव्हाइससाठी सुप्रीताचं नाव लेखकांत आलं, चौघांत तिसरं. सहा वर्षांपूर्वीच्या मोजणीचा उल्लेख त्यात नव्हता. योगीराजची फेलोशिप संपायला अकरा दिवस असताना स्वीकृतीचं पत्र आलं. त्याने पहिला फोन अथणीला केला, दुसरा तिला.

आईला खरी गोष्ट सांगणं सगळ्यात कठीण गेलं. भागीरथीबाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “असेल. पण सगळ्यांना कशाला सांगत बसतेस?” मावशीला त्या अजून जुनीच हकीकत सांगतात, फक्त शेवटी नाव छापून आल्याचं जोडतात. सुप्रीताने दोनदा दुरुस्त करून पाहिलं, मग सोडून दिलं.

पीएच.डी.बद्दल सरांनी विचारून ठेवलं होतं. नियमात बसत नव्हतं, नव्याने नाव घालावं लागलं असतं आणि नोकरी सोडावी लागली असती. तिने नको म्हणून कळवलं. कळवल्यावर हायसं वाटेल असं तिला वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

सिग्नल एक तृतीयांशच का, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. योगीराज म्हणतो अँटिमनीमुळे, सर म्हणतात मांडणी पूर्ण उलटत नसावी, काही भाग जुन्याच दिशेला अडकून राहत असावा. सुप्रीताला दोन्ही पटत नाहीत. गेल्या बुधवारी मीटिंग चालू असताना तिने वहीच्या समासात एक गणित मांडलं, ते अर्ध्यावर चुकलं. साहेबांनी तिला येलहंकेच्या दह्याचा आकडा विचारला. तिने तो बरोबर सांगितला आणि मान खाली घालून गणित पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.